वैरण कोण टाकतं?

वासरू जवळ आलं की गाईला पान्हा फुटतो. दुधाला काही कळत नसतं, वासराच्या भुकेची त्याला वार्ताही नसते, तरी ते पाझरतं ते वासरासाठीच. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत हा दाखला दिला आहे. प्रश्न असा होता की ऋतू, ग्रह, देह, सगळं एवढं जागच्या जागी दिसतं, तर ते लावून ठेवणारा कुणी असलाच पाहिजे का? सांख्यांचं उत्तर होतं, काही गरज नाही. प्रकृती जड असली तरी पुरुषाच्या, म्हणजे चैतन्याच्या, कामी येते. दूध येतं तशी. पुढे काही शतकांनी शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हाच दाखला उचलून सांख्यांवर उलटवला. गाय जिवंत आहे, तिला वासराची माया आहे, वासरू आचळाला ढुशा देतंय, म्हणून दूध येतं. चेतनाचा हात लागल्याशिवाय जड वस्तू हलत नाही, हे त्यांचं म्हणणं.

हा वाद मी लहानपणी ऐकला तो सदाशिव पेठेत, निंबाळकर तालमीजवळच्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत संस्कृत शिकवायचे आणि संध्याकाळी कॉलेजातल्या दोन-चार मुलांना कारिका सांगायचे. फी वगैरे काही नव्हती. मुलं एस. पी. कॉलेजातून सायकली हाणत यायची, वाड्याच्या दिंडी दरवाजात वाकून आत शिरायची आणि सतरंजीवर मांडी घालून बसायची. दुधाची कारिका चालू होती त्या दिवशी आई चहाचे कप घेऊन बाहेर आली. तिचं माहेर गुहागरकडचं, सगळं बालपण गोठ्यात गेलेलं. ती म्हणाली, "आपोआप येवो नाहीतर मायेनं येवो, पेंढा नाही घातला तर दोन दिवसांत आचळ कोरडं पडतं. ते तुमच्या पुस्तकात कुठं आलंय?" मुलं हसली, अण्णाही हसले. आई कप ठेवून आत गेली आणि पुढची कारिका सुरू झाली.

मला आज वाटतं, त्या संध्याकाळी ओसरीवर विचारला गेलेला सगळ्यांत नेमका प्रश्न तोच होता. त्याला धड उत्तर द्यायला पदार्थविज्ञानालाही विसावं शतक उजाडावं लागलं.

मी स्वतः गणिताची शिक्षिका. शेवटच्या तासाला कंटाळलेल्या वर्गाला मी दोन खेळ द्यायची. पहिला देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. येईल त्या संख्येचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि ६१७४ चं तेच केलंत तर पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या तिथे येऊन थांबतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे जन्मभर शाळामास्तर. इथल्या विद्वानांनी त्यांच्या या उद्योगाला पोरखेळ म्हटलं आणि १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे त्यांचं नाव जगभर गेलं. असो. हा झाला सुव्यवस्थेचा कळस. कुठूनही निघा, मुक्काम एकच.

दुसरा खेळ त्याच्या उलट. शून्य आणि एक यांमधली कुठलीही संख्या घ्या, ती एकातून वजा करा, दोन्हींचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा. येईल ते उत्तर घेऊन पुन्हा तेच. अर्ध्या वर्गाला मी ०.३ ने सुरुवात करायला सांगायची आणि अर्ध्या वर्गाला ०.३०१ ने. सुरुवातीला दोन्हीकडची उत्तरं हातात हात घालून चालतात: ०.८४ आणि ०.८४२, मग ०.५३८ आणि ०.५३३. आठव्या पायरीवर एक गट ०.४५ च्या आसपास असतो, दुसरा ०.७२ च्या. मग वर्गात भांडण, तुमचंच चुकलं म्हणून. कुणाचंच चुकलेलं नसतं. रॉबर्ट मे या जीवशास्त्राकडे वळलेल्या पदार्थवैज्ञानिकाने १९७६ साली 'नेचर'मध्ये हे साधं समीकरण मांडून दाखवलं की नियम कडक असला, त्यात नशिबाचा तीळभर अंश नसला, तरी त्यातून निघणारं वर्तन अंदाजापलीकडचं असू शकतं. त्या समीकरणात चाराच्या जागी तीनहून कमी आकडा घातलात तर सगळं शहाण्यासारखं एका ठिकाणी स्थिरावतं. साधारण ३.५७ च्या पुढे गोंधळ सुरू होतो, आणि गंमत म्हणजे त्या गोंधळात मध्येच, ३.८३ च्या जवळ, पुन्हा तीन-तीनच्या आवर्तनाची एक स्वच्छ खिडकी उघडते.

एका टोकाला ६१७४, जिथे पोचल्यावर काही घडायचं उरत नाही. दुसऱ्या टोकाला असा उधळलेला आकडा, जिथे घडलेलं काही टिकत नाही. जिवंत वस्तू, शहरं, भाषा, बाजार या सगळ्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी नांदतात, हा जटिलतेच्या शास्त्राचा मूळ विचार. अमेरिकेत सांता फे इथे १९८४ साली याच अभ्यासासाठी संस्था निघाली. तिथल्या ख्रिस्तोफर लँग्टनने 'अराजकाचा काठ' ही कल्पना गाजवली: जीवन नेमकं सुव्यवस्था आणि अराजक यांच्या सीमेवर फुलतं. कल्पना इतकी देखणी की ती खरी असावीशी वाटते. पण १९९३ साली मेलनी मिचेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्यामागचे संगणकी प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा 'गणन करणारे नियम काठावरच सापडतात' हा निष्कर्ष त्यांच्या हाती लागला नाही. मी हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली व्यवस्थापनाच्या शिबिरांत आणि काही प्रवचनांत हा काठ फार स्वस्त झाला आहे. एकदा तर टिळक रस्त्यावरच्या एका व्याख्यानात वक्त्याने अराजकाचा काठ, समत्व, प्राणायाम आणि शेअर बाजार अशी मोट एका दमात बांधली. टाळ्या मिळाल्या.

मला त्या काठापेक्षा आईचा पेंढा जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि इथे गाठ पुन्हा सांख्यांशी पडते.

सांख्यांच्या मते सत्त्व, रज आणि तम हे तिन्ही गुण समतोलात असतात तेव्हा जग नसतं. ती प्रकृतीची अव्यक्त अवस्था. तो तोल ढळला, गुणांत क्षोभ झाला, की महत्, अहंकार, इंद्रियं, भूतं असा पसारा उभा राहतो. आणि प्रलयात सगळं परत त्या समतोलात विरून जातं. अण्णा हे सांगताना एक बारकावा हमखास सांगायचे. समतोलातही गुण स्वस्थ नसतात. त्यांची हालचाल चालूच असते, पण सत्त्व सत्त्वातच बदलतं, रज रजात, तम तमात. हालचाल आहे, निष्पन्न काही नाही. कॉलेजात उष्मागतिकी शिकायला लागले तेव्हा मी हे आठवून दचकले होते. बंद भांड्यातला वायू समतोलात पोचला की त्यातले रेणू धावतच असतात, पण भांड्यात काही म्हणून घडत नाही. आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं म्हणण्याचा मोह इथे होतो, तो आवरावा. ईश्वरकृष्णाला रेणू ठाऊक नव्हते आणि रेणूंचं गणित मांडणाऱ्या बोल्ट्झमनला कारिका. दोघे वेगवेगळ्या प्रश्नांमागे निघाले होते. तरी एक गोष्ट दोघांच्याही हाती लागली: पूर्ण तोल म्हणजे जगाचा शेवट.

आपण मात्र देवापुढे हात जोडून मागतो तो तोलच. सगळं सुरळीत होऊ दे, काही हलू नये, आहे तसं राहावं. मागणं मनाच्या शांतीपुरतं असेल तर ठीक. गीतेतलं समत्व मनाचंच आहे. संसारासाठी किंवा शहरासाठी ते मागणं म्हणजे प्रलय मागण्यासारखं.

बेल्जियमचा इल्या प्रिगोझिन याला १९७७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच बाबतीत. समतोलापासून दूर असलेल्या व्यवस्थांमध्ये रचना आपोआप उभ्या राहतात, पण एका अटीवर: बाहेरून ऊर्जा सतत आत आली पाहिजे आणि आतला गोंधळ सतत बाहेर टाकला गेला पाहिजे. खालून तापवलेल्या द्रवाच्या पातळ थरात षटकोनी कप्प्यांची सुबक नक्षी उमटते. ती कुणी आखलेली नसते. खालची आच बंद केली की नक्षी जाते. श्रोडिंजरने १९४४ साली 'जीवन म्हणजे काय' या छोट्या पुस्तकात सजीवांबद्दल हेच म्हणून ठेवलं होतं, की सजीव आजूबाजूची सुव्यवस्था खाऊन जगतात. म्हणजे सांख्य म्हणाले ते बरोबर, दूध आपोआप येतं, दुधाला हुकूम देणारा कुणी लागत नाही. पण ते फुकट येत नाही. गाईच्या पोटात काय गेलं आणि गोठ्यातून शेण कुणी काढलं हा हिशेबही मांडावा लागतो.

तर आता आमच्या पेठेतला हिशेब.

माझी नात ढोल वाजवते. ज्ञान प्रबोधिनी आमच्याच पेठेत, ५१० सदाशिव पेठ. अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ती सुरू केली आणि शाळा-कॉलेजच्या मुलामुलींची शिस्तीतली पथकं पुण्यात रुजली त्यात तिचा वाटा मोठा. आज पथकं उदंड झाली आहेत. पावसाळ्यात संध्याकाळी नदीपात्राकडे गेलात तर पुलापुलाखाली सराव चालू असतो. नात तिसऱ्या-चौथ्या रांगेत असते. मी एकदा तिच्याबरोबर सराव बघायला गेले. आधी अर्धा-पाऊण तास कुणी वाजवतच नव्हतं. सगळे खाली बसून ढोल ताणत होते. भादव्यातली हवा दमट, पान सैल पडतं, दोऱ्या ओढून ओढून ते पुन्हा कसावं लागतं. काल ताणलेला ढोल आज सैल. पोरांच्या हातांना दोरीचे वळ.

मग वाजवायला लागले. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थापी, आणि पुढे ताशेवाला. मला उगाच गणित करायची सवय. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पथक ३० मीटर लांब पसरलं तर ताशा शेवटच्या रांगेला जवळपास ०.०९ सेकंद उशिरा ऐकू येणार. सेकंदाला दोन ठोके आणि ठोक्याच्या चार मात्रा धरल्या तर एक मात्रा ०.१२५ सेकंदाची. म्हणजे मागची रांग पाऊण मात्रा मागे पडायला हवी. पडत नव्हती. मी नातीला विचारलं.

"आजी, ताशा ऐकून वाजवलं की मागे पडणारच," ती म्हणाली. "डोळे पुढच्या रांगेच्या टिपरूवर ठेवायचे. कान शेजारच्याकडे."

"आणि शेजारचा चुकला तर?"

"तर थोडा वेळ मीपण चुकते. मग दोघं सावरतो. मला एकटीलाच बरोबर वाजवत राहायचं असेल तर मी घरी वाजवीन ना!"

याहून चांगलं उत्तर मला पुस्तकात सापडलेलं नाही. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सला १६६५ साली आजारपणात पडल्या पडल्या दिसलं होतं की एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकांची घड्याळं काही वेळाने एकमेकांशी मेळ धरतात. १९७५ साली जपानच्या योशिकी कुरामोतोने त्याचं गणित मांडलं. प्रत्येकाची आपापली गती थोडी वेगळी. एकमेकांची ओढ एका मर्यादेखाली असेल तर जो तो आपल्या तालात. ओढ ती मर्यादा ओलांडते तेव्हा एक गट एकदम जुळतो. पण पथकाची गंमत जुळण्याच्या पुढे आहे. ताशेवाला गती चढवत नेतो. ज्या पथकाची ओढ कमी ते अशा वेळी फुटतं. आणि जे पथक एकाच गतीत घट्ट बसलंय ते चढत नाही, ताशा पुढे निघून जातो आणि ढोल मागे राहतात. नातीच्या पथकात चढताना दोन-तीन ठोके सगळं विस्कटल्यासारखं झालं, आणि मग नवी गती बसली. ते दोन-तीन ठोके नसते तर नवी गती आलीच नसती.

विसर्जनाची मिरवणूक म्हणजे हेच शंभरपट. सकाळी मंडईच्या टिळक पुतळ्यापासून मानाचे पाच गणपती निघतात: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. एवढा क्रम ठरलेला, आणि तो परंपरेने सगळ्यांना मान्य. पुढचं सगळं बरंचसं ज्याच्या त्याच्या मनावर. लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर हे चार रस्ते अलका टॉकीजच्या चौकात मिळतात आणि आमची पेठ त्यांच्या कचाट्यात. मी कुमठेकर रस्त्यावर मैत्रिणीच्या गॅलरीतून बघत बसते, कानात कापूस घालून. एक मंडळ चौकात खेळ दाखवायला थांबतं, पुढे मोकळी जागा पडते, मागे दाटी. ती दाटी मागे मागे सरकत जाते. पहिलं मंडळ निघून गेल्यावरही ती रस्त्यावर शिल्लक असते आणि मागून येणाऱ्याला कळत नाही आपण कशासाठी थांबलोय. वाहनांच्या कोंडीचं हे वागणं १९९२ साली नागेल आणि श्रेकेनबर्ग या दोघांनी तीन-चार साध्या नियमांनी संगणकावर उभं करून दाखवलं. दगडूशेठ हलवाई गणपती २०२३ पासून रात्रीऐवजी दुपारी चारला निघायला लागला, तेव्हा सगळ्यांचे अंदाज पुन्हा नव्याने बसले. मिरवणूक तरी तीस तासांच्या घरात जातेच. पोलीस आयुक्त दर वर्षी वेळापत्रक जाहीर करतात. गणपती ते वाचत नाहीत.

हे कुणी चालवतं का? पोलीस अडवतात, कार्यकर्ते दोर धरतात, पण 'मिरवणूक चालवणारा' असा माणूस दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत घटाला कुंभार तसा जगाला ईश्वर असा युक्तिवाद केला. आमच्या मिरवणुकीला तो लागू पडत नाही. इथे कुंभार सापडत नाही, मडकं मात्र दर अनंत चतुर्दशीला घडतं.

मला याहून आवडते ती वारीची घडण, कारण तिथे गोंधळालाही जागा ठेवलेली आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी लावली. रथाच्या पुढे आणि मागे क्रमांकाच्या दिंड्या. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड वर करतो. क्षणात सगळं शांत. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, वाटेत अन्याय झाला, पाणी मिळालं नाही, क्रम चुकवला, तर ती दिंडी शांत होत नाही. तिचे टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. तक्रार मिटली की टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याच्या घोषणा, उद्याच्या प्रस्थानाची वेळ, आणि आरती.

शांतता भंग करण्याचा हक्कच शांततेच्या नियमात बसवून टाकलेला. कुठल्याही सांता फेच्या शास्त्रज्ञाने हे पाहिलं तर वही काढून बसेल. आमच्या सोसायटीच्या सभेत तक्रार करणाऱ्याला 'विषयपत्रिकेत नाही' म्हणून बसवतात, आणि मग वर्षभर जिन्यात कुजबुज चालते.

आता वैरणीकडे येते. मिरवणूक संपते त्या सकाळी चपला, गुलाल, कागदी प्लेटा, बाटल्या, फुलं यांचा थर पडलेला असतो. गॅलऱ्या बंद होतात, पेठ झोपते. महापालिकेचे झाडूवाले त्याच वेळी कामाला लागतात आणि दुपारी लोक उठतात तेव्हा रस्ता स्वच्छ झालेला असतो. घाटांवर निर्माल्य वेगळं काढायला कचरावेचक महिला उभ्या असतात. त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून शहरात दारोदारचा कचरा उचलते. पेठेची सुबकता ज्या हातांमुळे परत उभी राहते ते हात पेठेत राहत नाहीत.

आणि हे एका दिवसाचं नाही. पेठ कधीच स्वतःच्या जिवावर उभी नव्हती. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून शहरात पाणी आणलं आणि हौद भरले. पुढे इंग्रजांनी खडकवासल्याचं धरण बांधलं. आत येणारा प्रवाह तो. बाहेर जाणारा प्रवाह आधी कोथरूडच्या कचरा डेपोकडे वळला आणि कोथरूड शहर झाल्यावर उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि पुण्याच्या कचऱ्याचे ढीग पुण्यातच राहिले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कंटेनर भरून सांडला, माश्या, वास; आणि दुपारी एक ते चार बेल वाजवू नये अशा पाट्या लावणारे आम्ही लोक, महापालिका काय करते म्हणून संतापलो. उरुळीकरांनी काय केलं होतं? आमचा गोंधळ आम्हाला परत पाठवला होता. प्रिगोझिनची अट तीच: आतली रचना टिकवायची तर बाहेर कुठेतरी विस्कट वाढते. ती कुठे वाढते याचा पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर माणसं राहतात. फुरसुंगीचे टाळ वाजत होते आणि आम्हाला तो नुसता कलकलाट वाटला.

अण्णा रोज जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवायचे, चित्राहुती घालायचे, आणि आई त्याआधी गोग्रास काढून ठेवायची. वाड्यात गाय नव्हती तेव्हाही काढायची. शेवटी तो बोळातल्या कुणाच्या तरी गाईला जायचा. अण्णा हा विधी समजावताना पंचमहायज्ञ सांगायचे: देव, पितर, ऋषी, माणसं, आणि भूतमात्र, या सगळ्यांचं आपण देणं लागतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर जो या चक्रातून घेतो आणि परत काही घालत नाही त्याला सरळ चोर म्हटलं आहे. मला वाटतं, आपल्या धर्मविचारात जग कुणी रचलं यावर जेवढी शाई खर्ची पडली त्याच्या मानाने हा देण्याचा विचार पानाभोवतीच्या पाण्यात आटून गेला. सांख्य बरोबर की वेदान्त, यावर मी आता वाद घालत नाही. व्यवस्था आपोआप उभी राहते हे मला पटलेलं आहे. नात विचारते, मग आजी, तू देव मानतेस की नाही? मी तिला सांगते, गणपती मी दर वर्षी बसवते आणि तो कुणी घडवला, कुणी रंगवला, विसर्जनानंतर त्याची माती कुठे जाते हे मला ठाऊक असतं. तिच्या मते हे उत्तर नाही. मला यापलीकडचं देता येत नाही.

एवढं मात्र मी ठामपणे म्हणेन की ज्या सुव्यवस्थेत आपण राहतो तिचा खर्च कोण उचलतं हे विचारणं अध्यात्माच्या बाहेरचं नाही. ज्याला ब्रह्मसूत्रं वाचायची आहेत त्याने अवश्य वाचावीत, पण आपल्या कचऱ्याची गाडी कुठल्या गावाला जाते ते आधी बघून यावं.

वाडा पाडून आता आमची सहा मजली इमारत झाली आहे. जिन्यात मी एक पाटी लावली आहे: 'ईश्वर आहे किंवा नाही याचा निर्णय लागेपर्यंत रहिवाशांनी कृपया ओला व सुका कचरा वेगळा द्यावा.' चौथ्या मजल्यावरून अजूनही सगळं एकाच पिशवीत येतं.